एक खोटी खुशखबर

मी तोतरा बोलतो. हे कागदावर लिहायला काही लागत नाही, पण तोंडानं कुणाला सांगायला मला पन्नाशी यावी लागली. सगळेच शब्द अडतात असं नाही. बरेचसे सरळ निघून जातात. काहींच्या आधी मात्र जीभ दातांमागे जाऊन चिकटते आणि सुटतच नाही. त्यात 'द' सगळ्यात वाईट. आणि मी जन्माचा देवासचा.

नोकरी धारला. एका सरकारी कार्यालयात तलावांचे, बंधाऱ्यांचे नकाशे काढतो. ही नोकरी मी धरली तेव्हा घरच्यांना वाटलं, मुलाचा हात चांगला आहे म्हणून धरली. खरं म्हणजे नकाशे काढणाऱ्याला दिवसभर कुणाशी फारसं बोलावं लागत नाही, एवढंच मी पाहिलं होतं.

देवासला माझी ताई असते. महिन्या-दीड महिन्यानं मी तिच्याकडे जातो. धारहून निघताना अडचण नसते. इंदूरला बस बदलावी लागते आणि 'इंदूर' माझं बिनबोभाट निघतं. पंचाईत पुढच्या बसमध्ये. कंडक्टर येऊन विचारतो, "कहाँ?" आणि मी म्हणतो, "टेकरी." देवीची टेकरी सगळ्यांना ठाऊक. कंडक्टर देवासचं तिकीट फाडून देतो. वर्षानुवर्षं मी असाच गेलो. काही कंडक्टर तर मला मोठा भाविक समजायचे. एकजण म्हणाला होता, "भिया, मेरी तरफ से भी हाथ जोड़ देना." त्या दिवशी मी खरंच टेकरी चढून गेलो आणि त्याच्या वतीनं हात जोडून आलो. निदान तेवढं तरी खरं असावं म्हणून.

घरातले फोन बायको घेते. गॅसवाला, मुलीचं कॉलेज, बँक, सुट्टीच्या दिवशी ऑफिसातून येणारे फोनसुद्धा. "ते अंघोळीला गेलेत, मला सांगा." धारमध्ये मी फार अंघोळ करणारा माणूस म्हणून ओळखला जात असेन.

दोन वर्षांपूर्वी ताईच्या घरी भावजींची साठीशांत होती. पंगतीत माझ्या शेजारी एक सत्तरीचे गृहस्थ बसले होते, ताईच्या गल्लीतलेच, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे सर. वाढपी श्रीखंडाचं भांडं घेऊन पुढे निघून गेला तशी सरांनी त्याला हाक मारली. तो थांबला. सर म्हणाले, "श्री..." आणि अडकले. मान थोडी वर गेली, डोळे मिटले. मला घाम फुटला. मी ताटाकडे बघू लागलो, जणू अडकलोय तो मीच. वाढपी उभा, समोरची रांग बघतेय, आणि सर मात्र घाई न करता त्या एका अक्षरावर बसून राहिले. शेवटी पूर्ण शब्द बाहेर आला. "श्रीखंड. थोडं." वाढप्यानं वाढलं आणि तो गेला. सर माझ्याकडे वळून म्हणाले, "मिळालं."

मी आजवर कुठल्याही पंगतीत काही मागितलेलं नाही. जे समोर येईल ते खायचं. आणि हा माणूस चारचौघांत अडखळून श्रीखंड मागून घेतो आणि वर खूश होतो! जेवणानंतर मी त्यांना गाठलं. कसं सांगावं कळेना, पण मी तोंड उघडताच त्यांना समजलं. आपल्यातला माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो.

"आमचा एक छोटा ग्रुप आहे," ते म्हणाले. "पाच-सहा जणं. सगळे आपल्यासारखे. रोज संध्याकाळी फोनवर एक खुशखबर टाकायची. लिहायचं नाही, बोलून टाकायची. आणि एकदा बोललेलं पुसून परत बोलायचं नाही. अडखळलात तर अडखळलात."

"क-कसली खुशखबर?"

"जी असेल ती. मला आज श्रीखंड मिळालं, ही माझी आजची."

मी ग्रुपमध्ये शिरलो आणि तीन आठवडे नुसता ऐकत बसलो. ऑफिसातून आलो की माडीवर जाऊन फोन कानाला लावायचा. मनावर नावाच्या गावात मिरचीचा व्यापार करणारा एकजण होता. त्याची खुशखबर अशी की आज त्यानं न्हाव्याला वेळेवर सांगितलं, मूँछ रहने दो. आधी तीनदा 'मूँछ' शब्द निघेपर्यंत मिशी गेलेली होती. पीपलरावां नावाच्या गावातली एक मुलगी होती, तेवीस-चोवीस वर्षांची. वडील शेतकरी, ही घरून बी.ए. करणारी. तिनं औषधाच्या दुकानात आईच्या गोळ्यांचं नाव चिठ्ठी न दाखवता तोंडानं सांगितलं. दुकानदारानं दोनदा "क्या?" विचारलं, तरी चिठ्ठी पर्समधून काढली नाही. हे सांगतानाही ती चार वेळा अडकली आणि मध्ये हसली. ते हसणं ऐकून मी माडीवर एकटाच हसलो.

रोज कुणीतरी विचारायचं, "धारवाले भिया, आपकी?" सरांनी एकदा मराठीत टाकलं, "अहो, काहीतरी असेलच की. आज दूधवाल्याला उद्या एक लिटर जास्त दे म्हणालात, तेही चालेल." पण दूधवाल्याशी तर बायको बोलते. माझ्याकडे खरोखर काही नव्हतं, कारण मी कुठं बोलायलाच जात नव्हतो.

एका रविवारी मी देवासहून परत आलो. नेहमीसारखं 'टेकरी' म्हणून गेलो होतो. संध्याकाळी माडीवर बसलो, फोन हातात घेतला, बटण दाबलं आणि म्हणालो, "आज बस में कंडक्टर ने पूछा, कहाँ. मैंने कहा, देवास."

शब्द लोण्यासारखा निघाला. एकटा असलो की माझं कधीच अडत नाही; माडीवर मी आणि कबुतरं. मी बटण सोडलं आणि आवाज गेला.

मग जे सुरू झालं ते मी अपेक्षिलंच नव्हतं. मनावरचा ओरडलाच, "अरे वा भिया, एकदम साफ!" सर म्हणाले की त्यांनी ते आपल्या बायकोला दोनदा ऐकवलं. पीपलरावां गावची मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बोलली.

"काकाजी," ती म्हणाली, "बुधवार को लड़के वाले आ रहे हैं. माँ ने कहा है, तू चुप बैठना, सिर हिला देना, बात हम कर लेंगे. मैंने कल आपका देवास सुना. रात भर सोचा. अब मैं ख़ुद बोलूँगी. पहले ही बता दूँगी कि मैं हकलाती हूँ." मध्ये कितीतरी थांबे होते. शेवटी ती म्हणाली, "आपसे हो गया तो मुझसे भी हो जाएगा."

मी ते पुन्हा ऐकलं आणि फोन पालथा घालून ठेवला. जे झालंच नव्हतं त्याच्या जोरावर ती मुलगी आयुष्यातल्या एवढ्या मोठ्या गोष्टीला उभी राहत होती. उद्या ती त्या लोकांसमोर अडकली, कुणी हसलं, बोलणी मोडली, तर?

मंगळवारी सकाळी मी बायकोला सांगितलं. ती पोहे भिजवत होती. ऐकून तिनं हात पुसले आणि खुर्चीवर बसली.

"म्हणजे देवास म्हणालाच नाहीत तुम्ही?"

"नाही."

"आणि मला रविवारी का नाही सांगितलं असं ग्रुपवर टाकलं म्हणून?"

"तू वि-विचारलं असतंस."

"विचारलंच असतं," ती म्हणाली. "तिला सांगा. नंबर आहे ना? आत्ता फोन करा."

फोन! मी तिच्याकडे बघत राहिलो. तिला माझं तोंड बघून कळलं असावं. मी म्हणालो, मी जातो. उद्या रजा टाकतो, बसमध्ये बसतो आणि म्हणून येतो. एकदा खरंच म्हटलं की मग सांगायला तोंड राहील.

"जा," ती म्हणाली. "पण तिला कळायला हवं, ते लोक यायच्या आत."

बुधवारी सकाळी इंदूरपर्यंत ठीक गेलो. देवासच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. शेजारी एक म्हातारबा बसले, मांडीवर भाजीची पिशवी, डोक्याला टोपी. बस सुटली. कंडक्टर पुढून एकेक तिकीट फाडत येऊ लागला आणि मी मनातल्या मनात तो शब्द घोळवू लागलो. त्यानं कधी काही होत नाही हे माहीत असून घोळवत राहिलो.

"कहाँ?"

मी तोंड उघडलं. जीभ वर गेली आणि तिथंच बसली. आवाज नाही, हवा नाही, काही नाही. हनुवटी थरथरायला लागली. कंडक्टर हातात तिकिटाचं मशीन धरून उभा. 'टेकरी' हा शब्द घशाशी अगदी तयार उभा होता, नुसता सोडला की झालं. मी सोडला नाही.

शेजारच्या म्हातारबांना माझी दया आली. "मांगलिया जाओगे?" मी मान हलवली, नाही. "शिप्रा?" नाही. "देवास?"

आणि मी मान हलवली, नाही! मला जायचं देवासलाच होतं, पण ते त्यांनी म्हटलेलं चालणार नव्हतं. म्हातारबा बुचकळ्यात पडले. कंडक्टर वैतागला नाही, हे त्याचे उपकार. म्हणाला, "सोच लो भिया, मैं पीछे से होकर आता हूँ."

तो मागे गेला. मी खिडकीबाहेर बघितलं. गव्हाची कापणी झालेली, मोकळी शेतं मागे पळत होती. मला सरांचं ते मिटलेल्या डोळ्यांनी त्या अक्षरावर बसून राहणं आठवलं. त्यांनी जोर लावला नव्हता. ते नुसते बसून राहिले होते.

कंडक्टर परत आला. "हाँ भिया?"

मी डोळे मिटले. "दे..." म्हणालो. ते पुन्हा म्हणालो. आणखी एकदा म्हणालो. मागचा कुणीतरी वळून बघत असणार, बघू दे. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही, पण मी तिथून उठलो नाही, आणि मग "...वास" आपोआप पुढे आला. तुटका, लांबलचक, घाम फुटलेला असा तो शब्द होता. पण होता.

कंडक्टरनं बटणं दाबली, तिकीट फाडलं, माझ्या हातात दिलं आणि पुढच्या माणसाला म्हणाला, "कहाँ?"

बस्स. एवढंच झालं. ज्या प्रसंगाला मी जन्मभर घाबरलो होतो, तो संपल्यावर बस आपली चालतच होती. माझे खांदे खाली आले. ते इतकी वर्षं वर होते हेही मला तेव्हाच कळलं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी रुमालानं घामाबरोबर पुसलं.

म्हातारबांनी पिशवी सावरत विचारलं, "पहली बार जा रहे हो देवास?"

"नहीं बा," मी म्हणालो, "वहीं का हूँ."

ते पुढचा सगळा रस्ता माझ्याकडे अधूनमधून काळजीनं बघत होते.

देवासला उतरलो तो ताईकडे न जाता आधी सरांकडे गेलो. त्यांनी मला दारात बघितलं आणि आत बोलावलं. मी बसलोही नाही. उभ्याउभ्याच, अडखळत, सगळं सांगून टाकलं. रविवारचं खोटं, मुलीचं बोलणं, आजची बस. सरांनी मध्ये एकदाही माझा शब्द पुरा केला नाही.

मी थांबल्यावर ते म्हणाले, "मला संशय आला होता. इतकं गुळगुळीत देवास आपल्यापैकी कुणाचं निघत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"खरं असावं असं मलाही वाटत होतं ना." मग त्यांचा आवाज चढला. "पण हे बरं नाही केलंत तुम्ही. त्या पोरीनं तुमच्यावर भरवसा टाकला. दुपारी पाहुणे यायचेत तिच्याकडे. काढा फोन. माझ्यासमोर बोला."

मी फोन काढला. सरांच्या बायकोनं ताकाचा पेला आणून ठेवला आणि त्याही तिथंच उभ्या राहिल्या. समोर दोन माणसं असल्यावर माडीवरची सफाई कुठली? मी जवळजवळ प्रत्येक शब्दाला अडकलो. रविवारी मी खोटं बोललो होतो, म्हणालो. मी टेकरी म्हटलं होतं. आज मात्र म्हटलं, दुसऱ्या फेरीला, आणि फार वाईट म्हटलं. बेटा, माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस, तुला वाटेल तसं कर. एवढं सांगायला मला चार मिनिटं लागली. बटण सोडलं आणि ताक एका दमात पिऊन टाकलं.

मनावरचा पहिला बोलला. "भिया, हमारी मूँछ वाली बात तो सच्ची है, चाहो तो फोटो भेज दूँ?" आणि त्यानं खरंच फोटो पाठवला. मिशी होती, आणि चांगली दणदणीत होती. सर एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

मुलीचं काही येईना. दोन वाजले, तीन वाजले. मी ताईकडे जाऊन जेवलो, काय जेवलो ते आठवत नाही. परतीच्या बसमध्ये बसलो तरी फोन हातातच. धार जवळ आलं तेव्हा तिचा आवाज आला. मी कानाला लावला.

"काकाजी," ती म्हणाली, आणि मी श्वास धरला. "आपका मैसेज मैंने उनके आने से दस मिनट पहले सुना. मैं रसोई में थी. पहले तो बहुत ग़ुस्सा आया." थांबा. मग तिचं ते हसणं. "फिर लगा, झूठ में तो कितना फर्राटे से बोले थे, और सच में ऐसे अटके. मुझे हँसी आ गई. हँसते-हँसते ही चाय ले गई."

तिनं चहा ठेवला आणि स्वतःच सांगितलं, मैं अटक के बोलती हूँ, थोड़ा टाइम लगेगा. मुलाच्या आईनं विचारलं, बचपन से? ती म्हणाली, हाँ. मग कुणाला काय बोलावं सुचेना, तर तिनंच विचारलं, नमकीन और लोगे? तिची आई आत जाऊन रडली. वडील मात्र पाहुणे गेल्यावर म्हणाले, अच्छा बोली तू.

मी फोन खिशात ठेवला. बस थांबली, लोक उतरले, मी बसलोच होतो. कंडक्टरनं येऊन सांगितलं तेव्हा उठलो.

पुढे आठवड्याभरानं त्या लोकांचा नकार आला. पत्रिका जुळत नाही, असं कारण दिलं. ते खरं की खोटं कुणाला ठाऊक. तिनं ती बातमीही ग्रुपवर टाकली, आणि तिच्या आवाजात जडपणा नव्हता. म्हणाली, आता निदान माझ्याबद्दल कुणी नंतर काही शोधून काढणार नाही. हल्ली ती बी.एड. करायला रोज देवासला येते आणि वर्गात पाठ घेते. तिची खुशखबर आता बहुतेक वेळा मुलांबद्दलची असते, तिच्या बोलण्याबद्दलची नसते.

त्या बुधवारी संध्याकाळी घरी आल्यावर मी बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "बरं झालं," म्हणाली आणि कुकर लावायला गेली. मला थोडं वाईट वाटलं. एवढीच का किंमत?

दोन दिवसांनी किराणावाला मला बघून म्हणाला, "क्या भिया, बोल आए देवास?" मी चमकलो. मग समोरच्या घरातल्या काकू. मग ऑफिसातल्या सहकाऱ्याची बायको. सगळ्या गल्लीला माहीत झालं होतं, तोतरेपणासकट. मी घरी येऊन बायकोवर चिडलो. एवढ्याशा गोष्टीचा गावभर डांगोरा कशाला, असं काहीसं म्हणायचं होतं. अर्धंच म्हणता आलं.

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बावीस वर्षं तुमचे फोन घेतले. बावीस वर्षं सगळ्यांना सांगितलं, ते अंघोळीला गेलेत. कुणाला कळू नये म्हणून मीही गप्प राहिले. आता कुठं सांगण्यासारखं काही झालं, तर तेही सांगू नको म्हणता?"

आजवर मी हे सगळं माझं एकट्याचं ओझं समजत होतो. मी तिच्यासमोर बसलो आणि मेथीची एक जुडी ओढून घेतली.

जरा वेळानं तिनं ताईला फोन लावला आणि कितव्यांदा तरी तीच गोष्ट सांगायला लागली. तिच्या गोष्टीतल्या बसमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, कंडक्टर रागीट होता आणि मी उभा राहून, खणखणीत आवाजात देवास म्हणालो होतो. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं. तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि मेथी निवडत राहिलो.